रिंकला पॉलिश

मी एक जुना स्केटिंग रिंक आहे. मित्रांनो, 'जुना' हा शब्द वाचून तुमच्या चेहऱ्यावर कळवळा आला असेल, तर तो आधी पुसून टाका. मला कुणाच्या दयेची गरज नाही. पन्नास वर्षं लोक माझ्या अंगावर आपटलेत. दया करायचीच तर मी करीन, तुम्ही नको.

एका मनोरंजन बागेत, आकाशपाळणा आणि आरशांचं घर यांच्यामध्ये, माझा पत्र्याच्या छपराचा हॉल आहे. शेजार म्हणाल तर यथातथाच. पाळणा दिवसभर वर जातो, खाली येतो, निघाला तिथेच थांबतो, आणि त्याचा तोरा बघावा तर जगप्रवास करून आल्यासारखा. आरशांच्या घराबद्दल बोलायलाच नको. वाकडी तोंडं दाखवणं हाही काय धंदा झाला? माझ्याकडे माणसाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागे. बहुतेकांना ते जमत नसे, तो भाग वेगळा.

मला एका म्हाताऱ्या सुताराने बांधलं. बागेच्या मालकांना भारी घाई. सरळ फळ्या ठोका आणि मोकळे व्हा, असं ते रोज येऊन बजावत. त्यांना लाकडातलं कळत होतं डोंबल! स्केटची चाकं फळीच्या लांबीवरून धावली तर आवाजसुद्धा करत नाहीत, आडवी गेली की प्रत्येक सांध्यावर खडखडतात. म्हणून सुताराने चारही कोपऱ्यांत फळ्या पंख्यासारख्या वळवत नेल्या. एक फळी तासायची, लावून बघायची, उपसायची, पुन्हा तासायची. कोपरे कोण बघायला येतंय, असं मालक कपाळाला आठ्या घालून म्हणाले होते. उद्घाटनाच्या दिवशी तेच मालक कोपऱ्यात उभे राहून पाहुण्यांना सांगत होते, की ही सगळी आपलीच कल्पना.

सुताराच्या मुलाचं आणि रंध्याचं कधी जमलं नाही. तो बागेच्या गेटवर नोकरीला लागला. मग सुताराने माझी निगा कशी राखायची ते आपल्या सुनेला शिकवलं. दिवसभर "सूनबाई, इकडे ये", "सूनबाई, हे बघ" असं चाले. ते ऐकून ऐकून अख्खी बाग तिला सूनबाई म्हणू लागली. सासरा गेला, तिचे केस पिकले, साठी उलटली, तरी ती सूनबाईच राहिली.

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, आणि हिचंही करणार नाही. फक्त ती काय करायची तेवढं सांगतो. सकाळी बाग उघडण्याआधी चपला काढून ती माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. कुठे खिळा वर आलाय, कुठली फळी फुगलीय, हे तिच्या तळव्यांना कळे. पाण्याचा थेंब सांडू द्यायची नाही. चाकांना पकड मिळावी म्हणून राळेची बारीक पूड भुरभुरायची. रोज सगळे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत, म्हणून बुधवारी ती घंटा वाजवून सगळ्यांना उलटं फिरायला लावायची. त्यामुळे मी एकाच बाजूने झिजलो नाही. लोक कुरकुरत. कुरकुरण्यापलीकडे त्यांना येत तरी काय होतं?

आणि काय एकेक नमुने यायचे! कठड्याला घोरपडीसारखे चिकटून तासभर एक पाऊल पुढे न टाकणारे. दोन फेऱ्या जमल्या की लगेच मागे हात बांधून ऐटीत निघणारे, आणि तिसऱ्या फेरीला बदकन बसणारे. बायकोला शिकवतो म्हणून तिला धरायचं, आणि मग तिलाच धरून उठायचं. मी पोटभर हसायचो. उभं राहता येत नाही आणि चालले तरंगायला! पडणारा प्रत्येक जण आपल्याच मूर्खपणाने पडतो, हे माझं पक्कं मत होतं. सुताराने मला इतकं नीट घडवलं होतं, की दोष माझा असूच शकत नव्हता.

पुढे शहरात थंडगार हवेचे मोठमोठे मॉल झाले आणि लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. माझ्या अर्ध्या भागात मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या. छपरात कबुतरं आली. पूर्वी माझ्यावर भाषणं ठोकणारे आता मला ओळखही देईनात. सूनबाई मात्र खुर्च्यांच्या मधूनसुद्धा रोज चालत राहिली. शाळेची चार-दोन मुलं सरावाला यायची, तेवढ्यांसाठी.

मग आताच्या मालकांचा भाचा मॅनेजर झाला. याला स्केट डाव्या पायाचा कुठला आणि उजव्याचा कुठला हेही ठाऊक नव्हतं. त्याने ठरवलं, की माझी पन्नास वर्षं साजरी करायची. फोटो निघाले की गर्दी येईल, असा त्याचा हिशोब. दारात माझ्या इतिहासाचा फलक लागला. त्यात मालकांच्या तीन पिढ्या होत्या. सुताराचा उल्लेख शोधूनही सापडला नसता.

त्याच सुमारास सूनबाईच्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिने दोन दिवस रजा घेतली. तेवढ्यात या शहाण्याने समारंभाच्या हॉलच्या फरश्या चमकवणारी माणसं बोलावली आणि माझ्यावर पॉलिशचे तीन हात मारून घेतले.

इथे मी एक कबूल केलं पाहिजे. मला ते आवडलं. छपरातले दिवे माझ्यात दिसू लागले. जो येई तो दारातच थबके आणि "वा!" म्हणे. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मी फुगलो. आरशांच्या घराला म्हटलं, बघ आता.

कार्यक्रमाच्या सकाळी सूनबाई आली. चपला काढून तिने पहिलं पाऊल टाकलं आणि कठडा धरला म्हणून वाचली. ती तशीच मॅनेजरकडे गेली. यावर आज चाक घालू नका, हे खरवडायला दोन दिवस द्या, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, पाहुणे निघालेत, मुलांनी फोटोपुरती एकच फेरी मारायचीय. स्केटच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला होती. तिने ती दिली नाही.

"सूनबाई," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "तुमचे यजमान गेटवरच असतात ना? आता त्यांना दिसतं तरी का नीट? मी काही बोललो नाही अजून."

तिने एकदा गेटकडे बघितलं. मग तिने किल्ली काढून टेबलावर ठेवली.

शाळेच्या संघातली बारा वर्षांची मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. वळणावर तिची चाकं सुटली आणि ती हातावर पडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. लोक धावले. मॅनेजर आधी फोटोवाल्याकडे धावला, फोटो थांबवायला. आणि मी? मी नाक मुरडलं. काय ही आजकालची पोरं, एक वळण घेता येत नाही, असं मला वाटलं.

आठवड्याने सुरक्षा तपासणीचे साहेब आले. हाताला प्लास्टर घातलेली ती मुलगी आणि तिचे वडीलही आले. मॅनेजरने आधीच सूनबाईला गाठून सगळं पढवून ठेवलं होतं. लाकूड जुनं झालंय, कुजलंय, एवढंच म्हणायचं. म्हणजे कुणाचाच दोष नाही, नवरा-बायको दोघांच्याही नोकऱ्या राहतील, आणि हा खटारा उपटून इथे दुसरं काहीतरी करता येईल. खटारा म्हणजे मी. म्हातारी कबूल होणार याबद्दल मला शंका नव्हती. माणसं अशीच असतात, पोटावर आलं की शेपूट घालतात. अख्खं आयुष्य मी दुसरं काही बघितलं नव्हतं.

साहेबांनी विचारल्यावर सूनबाईने पदराने हात पुसले.

"लाकडात काही खोट नाही, साहेब. पॉलिश यांनी लावलं. पण पाय ठेवल्याबरोबर मला कळलं होतं, हे घसरणार. तरी किल्ली मी दिली. नवऱ्याची नोकरी जाईल म्हणून भ्याले."

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. मुलगी मात्र वडिलांच्या मागून पुढे आली. तिने हळूच विचारलं, "म्हणजे माझं नव्हतं चुकलं?"

आठवडाभर शाळेत सगळे तिला सांगत होते, की तूच घाई केलीस. तिने पुन्हा स्केट न घालायचं ठरवूनही टाकलं होतं.

"नाही बाळा," सूनबाई म्हणाली. "तुझं वळण बरोबर होतं. मी बघत होते."

मुलगी तिथेच रडायला लागली. आणि मित्रांनो, माझी मला लाज वाटली. ती पडली तेव्हा मी तिलाच नावं ठेवली होती. ज्या चकाकीवर ती घसरली, ती मिरवत मी आठवडाभर शेजाऱ्यांपुढे ऐट केली होती. भाच्याला मी मूर्ख म्हणतो, पण त्या दोन दिवसांत त्याचं नि माझं चांगलंच जमलं होतं.

साहेबांनी लिहिलं, की लाकूड भक्कम आहे, पॉलिश काढेपर्यंत रिंक बंद ठेवावा. महिन्याच्या आत सूनबाई आणि तिचा नवरा दोघांनाही घरी बसवलं. पॉलिश काढायचं कसं, हे ठाऊक असलेलं माणूस मग उरलंच नाही. माझ्या दाराला कुलूप आहे. येणारे-जाणारे काचेतून डोकावतात आणि म्हणतात, "वा, पन्नास वर्षांचा आहे, पण काय ठेवलाय बघा!" त्यांच्या अकलेची मला कीव येते. पण आता हसू येत नाही.

जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी तुमची रजा घेईन असं तुम्हाला वाटलं असेल. ते सांगायला माझ्यासारखे भंगारातले पुष्कळ जण तयार आहेत. मी एवढंच मागतो, की कुणी पडलं तर त्याला 'तुझंच चुकलं' म्हणण्याआधी त्याच्या पायाखाली काय होतं ते बघा. आणि ते तसं कुणी करून ठेवलं, तेही विचारा. ती मुलगी पुन्हा स्केट घालू लागली की नाही, मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल, तर काचेपाशी येऊन मला सांगून जा.