हेमलताचे रिपोर्ट

मंगळवारी सकाळी माझ्या बायकोचं वजन शून्य किलो भरलं. मिरजेतल्या त्या तरुण डॉक्टरांनी काटा दोनदा ठोकून पाहिला, मग मला उभं केलं. मी एकाहत्तर भरलो. म्हणजे काटा ठीक होता. त्यांनी फायलीवर लिहिलं, आणि लिहिताना तोंडाने म्हटलंही, "नॉर्मल." तेवढ्यात हेमलता काट्यापासून वीतभर वर गेली होती. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

मी जमीन मोजणीत पस्तीस वर्षं काढली आहेत. वीत म्हणजे वीतच, अंदाज नव्हे. समोरच्या हॉटेलात वेटरने विचारलं, "पाणी थंड का नॉर्मल?" आणि ती बाकावरून आणखी एक वीत उचलली गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो शब्द कुणी काढला की ती वीतभर चढते, आणि खाली काही येत नाही.

आता हा शब्द आपल्याकडे कशात नाही? बीपीला तोच, बाळंतपणाला तोच, दहावीच्या पेपरालाही तोच. कुणाकुणाचं तोंड धरणार? आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त तो माझ्याच तोंडात असतो. माझा भाऊ गेला त्या आठवड्यातही कुणी घरचं विचारलं की मी हेच सांगायचो. तो शब्द म्हटला की मला भीती वाटत नाही.

घरी पोचतो न पोचतो तोच माणसं भेटायला आली. शेजारच्या बिरनाळे वहिनींनी शहाळं आणलं होतं. त्यांनी ते वर धरलं, हेमलताने वाकून घेतलं. साठी उलटली की असं व्हायचंच, नॉर्मल आहे, असं म्हणून वहिनी चहा घेऊन गेल्या. दुपारपर्यंत तिघं येऊन गेली आणि हेमलताचं डोकं पंख्याला लागलं. पंखा लावता येईना. तिला उकडायला लागलं. मी तिला आडवी करून दारातून अंगणात नेलं.

तिथे माझं चुकलं. अंगणाला छत नसतं हे मोजणीवाल्याला कळायला हवं होतं. रस्त्याने जाणारे मान वर करून तब्येत विचारत आणि स्वतःच उत्तर देऊन पुढे जात. पाच वाजेपर्यंत तिचे तळवे बारा वितींवर होते. वारा सुटला तशी ती भिंतीकडे सरकू लागली. मी स्टुलावर चढलो, टाचा उचलल्या आणि तिच्या पायांचे दोन्ही अंगठे धरले. आणखी एक वीत, की माझा हात पोचणार नव्हता.

"अहो," ती वरून म्हणाली, "मला बरं वाटत नाहीये. एवढं एकदा पद्मजाला सांगा. तुम्ही सांगितलंत तर ती येईल."

मी सांगतो म्हणालो. मनापासून म्हणालो.

पद्मजा आमची एकुलती एक. ती नागपुरात असते आणि रोज सहाला फोन करते. धुण्याच्या दगडावर ठेवलेला माझा फोन वाजू लागला. माझे दोन्ही हात तिच्या अंगठ्यांना होते. बिरनाळे वहिनींनी फाटकातून येऊन तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे धरला.

"आप्पा, आई कशी आहे? खरं सांगा. सुट्टी टाकून निघू का?"

हेमलता वाकून माझ्याकडे बघत होती. तिला बरं नाही, तू ये, एवढंच म्हणायचं होतं. मी ते मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. तोंड उघडलं तर आत तो एकच शब्द होता, आणि तो जिभेवरून पुढे सरकत होता.

"आप्पा?"

तो दातांपर्यंत आला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.