दोन खिडक्यांची अट

बुद्धप्रियानं लॅपटॉपवरच्या विकणाऱ्याच्या खिडकीचं इंटरनेट तोडलं आणि ती हाताची घडी घालून बसली. पडद्यावर आपोआप चाललेली चाचणी आता अडायला हवी होती, थोडी कळ काढून लाल व्हायला हवी होती. ती हिरवी झाली.

तिनं पुन्हा चालवली. पुन्हा हिरवी, तीही झटक्यात, नापास व्हायचं तिच्या नशिबातच नसल्यासारखी.

वेबसाइट सोयाबीनच्या लिलावाची. व्यापाऱ्यानं बोली चढवली की शेतकऱ्याच्या फोनवर नवा भाव दिसायचा, आणि त्यानं 'मंजूर' दाबलं की सौदा पक्का. चाचणी लिहिताना ऑफिसातले बाकीचे यंत्राला सांगत, थोडा वेळ थांब आणि पुढं चल. झालं का नाही, याची चौकशी नाही. बुद्धप्रियाला हे पटत नसे. तिनं थांबायची स्वतःची अट लिहिली होती: दोन ब्राउझर शेजारी उघडायचे, एक घेणाऱ्याचा, एक विकणाऱ्याचा, आणि दोन्हीकडं एकच भाव दिसेपर्यंत हलायचं नाही. ठरल्या वेळेत नाही दिसला, तर नापास.

अशा अटी लिहायला तिला शिकवलं होतं पंचाक्षरीनं. नांदेडच्या या ऑफिसात तो तिचा वरिष्ठ. विष्णुपुरीच्या कॉलेजातून ती बाहेर पडली तेव्हा मुलाखतीत बाकीचे तिच्या आडनावाभोवती घुटमळत होते, यानं एवढंच म्हटलं होतं, "कोड दाव." तेव्हापासून ती त्याला दादा म्हणायची आणि त्याचं लिहिलेलं कधी तपासायची नाही.

तिनं अटीची फाइल उघडली. दुसऱ्या खिडकीकडं बघणारी ओळ गायब होती. अट आता फक्त घेणाऱ्याचा पडदा बघून समाधान मानत होती.

"दादा, ही ओळ कुणी काढली?"

पंचाक्षरी चहा ओतत होता. "मीच. उद्या लातूरला सिद्रामप्पांच्या अडतीवर दाखवायचंय, साइट त्यांचीच हाय. तुझी अट लई हट्टी हाय गं. शेतकऱ्याकडं भाव जरा उशिरा पोचून राहिला, की हिचं तोंड लाल."

"मग साइट दुरुस्त करायची. अट कशाला?"

"करू की. आधी दाखवू तर दे." त्यानं तिचा कप पुढं सरकवला. "अन् नाव तुझंच ठेवलंय त्याच्यावर. दुसऱ्याचं श्रेय खायची सवय न्हाई आपल्याला."

पंचाक्षरीचं हेच कसब. घेतानाही समोरच्याला वाटावं, काहीतरी मिळालं. बुद्धप्रियानं चहा घेतला, आणि घरी जाण्याआधी ती ओळ गुपचूप परत लिहिली. उद्या लाल झालं तर सिद्रामप्पा बोलतील, साइट दुरुस्त होईल, दादा आधी चिडेल आणि मग हसेल, असा तिचा हिशेब.

लातूरला सिद्रामप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते, शेजारी दोन व्यापारी. दाराशी रेणापूरचे व्यंकटराव. दाखवायच्या वेळी एक खराखुरा शेतकरी असावा म्हणून त्यांना बोलावलं होतं; चहा मात्र अजून गादीपाशीच फिरत होता.

"चालव," पंचाक्षरी म्हणाला.

लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या. डावीकडं बोली चढली. उजवीकडं जुनाच भाव. यंत्र थांबलं, थांबून राहिलं, आणि लाल झालं.

"बोली चढली, पण शेतकऱ्याला ती दिसेना," बुद्धप्रिया म्हणाली. "त्यानं आत्ता मंजूर दाबलं तर माल जुन्या भावानं जाईल, अप्पा."

सिद्रामप्पा खवळतील म्हणून ती थांबली. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"पंचाक्षरी, हे तर आपलं ठरलेलंच हाय. पोरीला सांगितलं न्हाईस व्हय?"

"सांगणारच होतो, अप्पा."

एक व्यापारी मिशीत हसला. बुद्धप्रियानं पंचाक्षरीकडं पाहिलं. तो चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळत होता, वेढ्याला वेढा लावून, मोठ्या निगुतीनं. उशीर हा बिघाड नव्हताच. तो मागवलेला माल होता, आणि तो पास करून देणाऱ्या अटीवर नाव तिचं. एवढ्या बैठकीत नवल वाटलेली ती एकटीच.

"मॅडम, बंद करा आता ते," सिद्रामप्पा गोड आवाजात म्हणाले. "काम झकास हाय तुमचं. आम्ही पंचाक्षरीला सांगतो तसं."

पंचाक्षरीनं लॅपटॉपचं झाकण मिटायला हात पुढं केला. त्याआधी तिनं तो उचलला, तसाच उघडा, आणि गादीला वळसा घालून दाराशी गेली. व्यंकटरावांसमोर खाली बसून तिनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला. दोन्ही खिडक्या त्यांच्याकडं तोंड करून होत्या.

"काका," ती म्हणाली, "चष्मा लावा."