अख्खा हॉल जिंकतो तेव्हा

फर्निचरच्या शोरूमवरचा तो हॉल गच्च भरला होता. खुर्च्या संपल्या म्हणून माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली होती. प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनवर बुद्धिबळाचा पट. पुढे पांढऱ्या टीशर्टातले गुरुजी. ते एकेकाच्या कपाळावर अंगठा टेकवत आणि डोळे मिटून पुटपुटत, "चाल शोधू नका. चालीला तुम्हाला शोधू द्या."

अंगठा उठला की माणूस फोनवर कुणा अनोळखी खेळाडूशी खेळायला बसे. थोड्याच वेळात ओरडा होई, "जिंकलो!" मग दुसरा, मग तिसरा. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांचं रेटिंग चढत होतं. निवृत्त पोस्टमास्तरांना मी बागेतल्या बाकावर शेजाऱ्याच्या नातीकडून हरताना पाहिलं होतं. इथे ते चक्क नाचत होते.

बहीण माझ्या कानाशी लागली. "बघितलंस दादा? आणि तू म्हणे थोतांड!"

"मी अजून काहीच म्हणालो नाही."

"तुझं नाक म्हणतंय. केव्हाचं वर गेलंय."

नाकाला मी काय करणार? दुकानांचे हिशेब तपासण्यात जन्म गेला. कुठे नुसता नफाच नफा दिसला की ते आपोआप वर जातं.

मी आलो होतो भाचीसाठी. पोरगी जात्याच हुशार. जिल्ह्याच्या झटपट बुद्धिबळ संघाची निवड चाचणी येत्या रविवारी होती, तीही समोरासमोर बसून. लहानपणापासून तिला त्याच संघात जायचं होतं. आणि गुरुजी भेटल्यापासून तिने सरावच टाकला होता. आज्ञाच तशी: सराव म्हणजे संशय, संशयाने प्रवाह अडतो. हरलेला डाव परत बघायचा नाही, कोडी सोडवायची नाहीत. फक्त अंगठा आणि ठरलेलं घड्याळ. दोघांना तीन-तीन मिनिटं, वर प्रत्येक चालीला सात सेकंद जादा.

सातच का? "सूर सात, रंग सात, वार सात," गुरुजी म्हणाले. मग पटावरच्या चौसष्ट घरांचं काय, ते कुणी विचारलं नाही.

"मामा, मी इतकी वर कधीच नव्हते," भाची म्हणाली. "रविवारी तू बघच."

"घरी खेळतेस का असंच?"

"घरी समोर कुणी येतच नाही. नुसतं चक्र फिरत राहतं. गुरुजी म्हणतात, प्रवाह इथेच जागा असतो."

घरी जाऊन मी हे बायकोला सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात माझी परीक्षा घेते.

"रेटिंग वाढतं म्हणजे काय होतं?" तिने विचारलं.

"जिंकणाऱ्याचे गुण वाढतात, हरणाऱ्याचे घटतात."

"मग अख्खा हॉल जिंकतोय, तर हरतंय कोण? आणि मार खायला रोज परत कशाला येतंय?"

मी हिशेबनीस, आणि जमेची बाजू बघून नावेची बघायला विसरलो होतो!

तिने फोनवर तेच घड्याळ लावलं. चक्र फिरायला लागलं. भाजी शिजली, जेवणं झाली, ते फिरतच होतं. मग तिने साधं, जादा सेकंद नसलेलं घड्याळ लावलं. लगेच कुणीतरी समोर हजर.

"अहो, एकच घड्याळ मागणाऱ्यांच्याच जोड्या लागतात इथे," ती म्हणाली. "असलं तऱ्हेवाईक घड्याळ कोण मागणार? आणि अंगठा एकेकालाच, म्हणजे आपसांत जोडी लागायला नको. हॉलमध्ये समोर येतो तो त्यांचाच कुणीतरी. उद्या बघू. तुम्ही खेळायचं."

"मी? मला घोडा अडीच घरं जातो एवढंच ठाऊक!"

"म्हणून तर."

दुसऱ्या दिवशी भर हॉलमध्ये ती उभी राहिली. "गुरुजी, आमच्या ह्यांना खेळायचंय. अंगठा नको, नुसतं घड्याळ द्या."

गुरुजी मंद हसले. "ताई, प्रवाहाची परीक्षा घ्यायची नसते."

"माझा पेशाच तो आहे. आणि अभ्यास झालेला असला की परीक्षेला कुणी घाबरत नाही."

"होऊन जाऊ द्या गुरुजी," पोस्टमास्तर ओरडले. "हरतील आणि शहाणे होतील."

माझा पट पडद्यावर लागला. मी वजीर थेट शत्रूच्या प्याद्यापुढे नेऊन ठेवला. हॉल हळहळला. समोरच्याने तो घेतलाच नाही. मी हत्ती उघड्यावर सोडला, त्याने त्याच्या बदल्यात स्वतःचे दोन्ही सोडले. शेवटी त्यानेच हार मानली.

"काहींना प्रवाह जन्मजातच असतो," गुरुजी घाईने म्हणाले.

"माझ्या नवऱ्याला?" बायको म्हणाली. हॉल हसला, मीही हसलो. मग ती भाचीकडे वळली. "आता उलटं करू. तू अंगठा घे, पण साध्या घड्याळावर खेळ."

"मामी, नको ना."

"रविवारी तुझ्यासमोर कोण बसणार आहे, त्यांचा माणूस?"

पोरीने ओठ चावला. अंगठा घेतला, खेळली आणि हरली. पुन्हा खेळली, पुन्हा हरली. तिचा चेहरा मला बघवेना. माझी बहीण जमिनीकडे बघत होती.

भाची उठली. "मामा, तू परत तुझा डाव लाव." मी लावला. ती सरळ मागच्या ध्यानकक्षाच्या दाराशी गेली.

"तिथे मौन चालू आहे!" गुरुजी ओरडले. तिने दार ढकललं.

आत गुरुजींचे दोन सेवक, टेबलभर फोन आणि चहाच्या घोटांबरोबर चाललेलं मौन. एका फोनवर माझाच पट होता, पलीकडच्या बाजूने दिसणारा. भाचीने तो फोन बाहेर आणून पडद्याशेजारी धरला. मी प्यादं सरकवलं. तिच्या हातातलंही सरकलं.

"सतत नवी खाती उघडतो," सेवक पुटपुटला. "ती हरून हरून खाली गेली की टाकून द्यायची." मग माझ्याकडे बघून कळवळून म्हणाला, "पण काका, तुमच्याकडून हरायला फार कष्ट पडले हो."

"आत्मविश्वास तर वाढवला ना मी तुमचा?" गुरुजी म्हणाले.

"सरावाचे दिवस खाल्लेत माझे," भाची म्हणाली, आणि रडली.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसू लागली. हॉलमध्ये जाण्याआधीचे, खऱ्या माणसांशी हरलेले डाव तिने उघडले. मामीला खेळातलं काही कळत नाही. ती फक्त विचारायची, "इथे कशाने बिघडलं?" हळूहळू दिसलं की दुखणं बहुतेक एकच. घाईत असली की समोरचा घोडा एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर उडी धरतो, ते हिला दिसत नाही. मग तसल्याच जागांची कोडी. आधी सावकाश, ती जमल्यावर घड्याळ लावून.

रविवारी ती संघात राखीव म्हणून निवडली गेली. मुख्य संघ थोडक्यात हुकला. बाहेर आली ती धावतच.

"मामा, घोड्याने एकदाही मारलं नाही मला! शेवटचा डाव हत्तींच्या लढतीत गेला. कुठे चुकलं ते मला नेमकं माहितीये. दाखवू?"

"हरलीस आणि एवढी खूश?" तिच्या आईने विचारलं.

"आई, हे दुरुस्त होतं गं."

वाचकहो, चुकीकडे बघू नको म्हणणारा माणूस गुरू नसतो. त्याला हात जोडण्याआधी त्याच्या मागचं दार उघडून बघा. आणि दार उघडू नका म्हणाला, तर तेच आधी उघडा.