कवळीवाल्याच्या स्टुलावरची उशी

उशी म्हटलं की तुम्हाला पलंग आठवेल, झोप आठवेल. माझ्या नशिबात दोन्ही नाही. मी बोलतेय ती एका कारखान्यातल्या लाकडी स्टुलावरून. दिवसभर अंगावर माणसाचा भार असतो, त्यामुळे तोंड उघडायला सवड मिळते ती फक्त जेवणाच्या सुट्टीत.

माझा जन्म एका जुन्या पडद्यातून झाला. माझ्या माणसाच्या थोरल्या बहिणीने, ताईने, तो कापला, आत कापूस ठासला आणि कडेने दुहेरी टीप मारली.

"दिवसभर त्या टणक स्टुलावर बसतोस. ही घेऊन जा."

"लोक हसतील, ताई."

"हसू देत. हसायला दात तूच करून दिलेत ना त्यांना?"

हो, आमचा कारखाना दातांचा. दवाखान्यांतून तोंडाचे साचे येतात आणि इथे कवळ्या तयार होतात. माझा माणूस मेणात दात बसवायचा. समोर गॅसची बोटभर ज्योत, हातात छोटी सुरी. सुरी तापवायची, मेण पातळ करायचं, दात टेकवायचा, मान तिरकी करून बघायचं. त्या वेळी तो श्वासही जपून घ्यायचा. बोलणं तर नावालाच. म्हणून शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणारी बाई त्याला मौनीबाबा म्हणायची. तिची मोटर सदा गुणगुणत असते, म्हणून तिचं नाव भुंगा.

मौनीबाबाला फिट येतात, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. आजार लहानपणापासूनचा, पण औषधाने दबून राहिलेला. मला तेवढं कळायचं. कधी काम करता करता तो क्षणभर गोठायचा. सुरी हवेत, ओठ नुसतेच हलताहेत. मग कुठूनसा परत यायचा आणि आधी इकडेतिकडे बघायचा, कुणाच्या लक्षात तर आलं नाही ना.

असं वरचेवर व्हायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी वाढवली. गोठणं थांबलं, पण हात थरथरायला लागले. मेणातला दात तिरका बसे. तो काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा काढायचा. केस गळून माझ्यावर पडायचे. दुपारी डोळे असे जड व्हायचे की तो बसल्या बसल्या स्वतःला चिमटे काढायचा. बोलताना साधे शब्द सापडेनासे झाले. एकदा त्याला ब्रश हवा होता. "ते दे... ते, झाडायचं..." म्हणून हात हलवत राहिला. सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर त्याने मागणंच सोडून दिलं.

मालक माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. "अरे, तुझं काम डोळे झाकून पाठवायचो मी. हल्ली परत येतंय. घरी काही आहे का?"

"नाही, काही नाही."

त्या "काही नाही"चं वजन माझ्या कापसाला विचारा. माणूस बारीक होत चालला होता आणि माझ्यावरचा भार वाढत होता. डबा न उघडताच घरी जाऊ लागला. सुट्टीत सगळे अंगणात बसत, हा इथेच, भिंतीकडे तोंड करून. एके दिवशी भुंगा आत डोकावली.

"मौनीबाबा, उठ की. जरा उन्हात चल."

"मी नसलो तर कुणाचं काय अडणार आहे?" तो म्हणाला.

तिला वाटलं, बाहेर येण्याबद्दल बोलतोय. मला तसं वाटलं नाही. पण उशीला हाक मारता येत नाही.

आणि मग त्याचे हात एकाएकी स्थिर झाले. दात पहिल्यासारखे सरळ बसू लागले. मालकाने पाठ थोपटली. माझा जीव मात्र टांगणीला लागला, कारण पाण्याच्या घोटाबरोबर दुपारची गोळी घेणं त्याने बंद केलं होतं.

व्हायचं तेच झालं. भर दुपारी त्याचं अंग ताठ झालं, घशातून विचित्र आवाज निघाला आणि आम्ही दोघं स्टुलावरून खाली आलो. सुरी उडाली. पडताना त्याचा हात ज्योतीवरून गेला, बाही पेटली. भुंगाने मोटर तशीच टाकून ओला टॉवेल बाहीवर दाबला आणि गॅस बंद केला. साचे घेऊन आलेला माणूस ओरडत होता, "तोंडात चमचा घाला! हात धरा!"

"काही घालायचं नाही! कुणी धरू नका त्याला!" म्हणत, असं काही आधी पाहिलेलं असावं तशी, तिने मला उचललं आणि त्याच्या आपटणाऱ्या डोक्याखाली सरकवलं. झटके ओसरल्यावर त्याला कुशीवर वळवलं. त्याची लाळ, थोडं रक्त माझ्यात मुरलं. इतकी वर्षं मी त्याची बैठक होते. उशी झाले ती त्या दिवशी.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा पाहिलं ते गोळा झालेल्या लोकांकडे, आणि तोंड माझ्यात लपवलं.

"हल्ली दुपारची गोळी घेताना दिसला नाहीस. सोडली होतीस?" भुंगाने हळूच विचारलं.

"हात थांबायला हवे होते," तो रडत म्हणाला. "म्हणून."

ताई धावत आली. तिच्यासमोर त्याने सगळं सांगितलं. थरथर, झोप, हरवलेले शब्द आणि सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटणं, तेही. ताई रागावली नाही. म्हणाली, "हे सगळं डॉक्टरांना सांगायचं. मी बरोबर येते. आणि तोवर तू माझ्याकडे राहायचंस."

डॉक्टर म्हणाले म्हणे, मनाचं हे काळवंडणं आळस नव्हे, आजाराचा आणि औषधाचाही त्यात हात असतो, आणि त्यावरही उपचार आहेत. ही माहिती मला त्यानेच भुंगाला सांगताना मिळाली, कारण तो कामावर परतला तेव्हा बराच बोलका झाला होता. औषध हळूहळू बदललं. मालकाने ज्योत काढून विजेवर तापणारी सुरी आणली. नाजूक काम सकाळी नको, सकाळच्या गोळीची थरथर ओसरून हात जरा शांत झाले की कर, असंही तोच म्हणाला.

सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. त्याचे हात अजून थोडे थरथरतात. काही दिवस तो पुन्हा भिंतीकडे वळून बसतो. पण आता भुंगा तिचा डबा घेऊन तिथेच येऊन बसते. मीही दबून पोळीसारखी झालेय. ताई नवी शिवते म्हणाली, तर तो नको म्हणाला.

एक मागणं आहे. तुमच्या शेजारच्या टेबलावर कुणी असं कोसळलं तर डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आणि तो उठेल तेव्हा त्याच्याकडे तमाशासारखं बघू नका.

मागच्या आठवड्यात त्याला पुन्हा फिट आली. डोळे उघडले तेव्हा खोलीत गर्दी नव्हती. भुंगा जमिनीवर मांडी घालून बसली होती.

"फार वेळ गेला का?" त्याने विचारलं.

"छे! तुझा चहासुद्धा अजून गरम आहे," ती म्हणाली.