पलीकडं पीठ येतं कुठून

मिरजगावात वेशीजवळच्या घरात वाटणी झाली तेव्हा जातं थोरल्या जावेकडं, बनुबाईकडं आलं आणि पाटा-वरवंटा धाकटीला, मुक्ताबाईला मिळाला. वाटणीला बसलेली माणसं म्हणाली, धाकट्यानं नवं जातं करून घ्यावं. पण तेव्हा लढाई चालू होती. जाती घडवणारे पाथरवट नगरला लष्कराच्या कामावर गेले होते आणि गावातली पिठाची गिरणी तेलावाचून बंद होती. एका घराची दोन घरं झाली, मधे मातीची भिंत उभी राहिली. सासू राहीबाई थोरल्या लेकाकडं राहिली.

बनुबाईनं मनाशी धरलं होतं की वाटणीत मिळालेलं पीठ संपलं की मुक्ता जात्यासाठी दारात येईल. ती आल्यावर काय करायचं तेही ठरलेलं होतं. जरा ताटकळत ठेवायचं, आणि मग "घे बाई दळून" म्हणायचं.

पीठ संपायची वेळ होऊन गेली. मुक्ता आली नाही.

बनुबाई पहाटे एकटीच दळायला बसायची. पूर्वी खुंट्याला दोघींचे हात असत. आता खांदा भरून यायचा, आणि मधेच थांबून ती भिंतीकडं कान द्यायची. पलीकडून घरघर नाही, भाकरी थापल्याचा आवाज नाही. धूर मात्र दोन्ही वेळा निघायचा, आणि धाकटा दीर सूर्यभान जेवून तोंड पुसत शेताकडं जायचा.

"पलीकडं पीठ येतं कुठून?" तिनं नवऱ्याला विचारलं.

गोरक्षनाथ जेवत होता. "मला काय ठावं?"

"तुमी तर न्हाई ना देत?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. "घरातलं पीठ मी कधी हातानं काढलंय का?"

ते खरं होतं. पीठ कुठल्या डब्यात असतं हेही त्याला सांगावं लागलं असतं. तरीसुद्धा त्या दिवसापासून तो भिंतीपलीकडं भावाशी बोलायला गेला की बनुबाई त्याच्या उपरण्याकडं बघायची.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पलीकडं रोज सकाळी पाट्यावर वरवंटा फिरायचा, आणि फिरतच राहायचा. एवढी कसली चटणी वाटते ही? मसाला म्हणावा तर मटणाचा वास नाही. मिरच्या म्हणाव्यात तर कुणी शिंकत नाही, खोकत नाही. दुपारी तव्यावर काहीतरी चुर्र करायचं आणि त्याच सुमाराला राहीबाई पदर सावरून उठायची.

"कुठं निघालात, आत्याबाई?"

"पाय मोकळं करते जरा."

म्हातारी पाय मोकळे करायला जायची ती मुक्ताच्याच दारात शिरायची. परत आली की संध्याकाळी भाकरीचा चतकोर तुकडा कालवणात कुस्करून तेवढ्यावरच उठायची. बनुबाईला मग वेगळंच वाटू लागलं. म्हातारी पदरातून पीठ नेत असणार. वाटणीच्या वेळी तीच म्हणाली होती, जातं दोघींनी वापरा म्हणून. तेव्हा बनुबाईनंच ऐकलं नव्हतं.

तिनं डब्यातल्या पिठावर पंजा उठवून ठेवला. पीठ कुणी हलवलं तर कळेल. दुपारी राहीबाई गेली, तशी बनुबाईनं झाकण काढलं. पाची बोटं जशीच्या तशी होती. दुसऱ्या दिवशीही तशीच. पण तिचा जीव थाऱ्यावर आला नाही. पीठ नाही तर धान्य असेल. धान्य असेल तर मग दळतं कोण? गावात अजून कुणाच्या तरी घरी जाऊन दळत असेल, आणि तिथं बसून जावेबद्दल काय काय सांगत असेल.

शेवटी एका दुपारी तिनं आपल्या चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढली, हातात गोवरी घेतली आणि विस्तव मागायच्या निमित्तानं मुक्ताच्या घरात शिरली.

राहीबाई चुलीजवळ बसली होती. पुढ्यातल्या थाळीत जाडसर पांढरं धिरडं होतं. ते ती ताकात बुडवून, हिरड्यांनी चघळत, डोळे मिटून खात होती. तव्यावर दुसरं पडलं होतं. मुक्ताच्या शेजारी पातेल्यात वाटलेल्या ज्वारीचं पीठ होतं, ओलं, पळीनं ओतण्यासारखं. कोपऱ्यातल्या गाडग्यात उद्यासाठी जोंधळे भिजत घातलेले होते.

"विस्तव पायजे होता," बनुबाई म्हणाली. "चूल विझली."

"आत्ता तर पेटलेली हुती," राहीबाई म्हणाली.

मुक्तानं चिमट्यानं निखारा उचलून गोवरीवर ठेवला. बनुबाई तरी हलली नाही.

"पाट्यावर वाटतेस व्हय हे?"

"जातं कुठं हाय मला?" मुक्ता म्हणाली.

"मागायचं हुतं."

"मागितलं असतं तर तुमी दिलं असतं. समद्या गावाला सांगून दिलं असतं."

बनुबाई निखारा घेऊन घरी आली. संध्याकाळी तिनं सासूला विचारलं, "भाकर चावत न्हाई, हे मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हनाली असतीस, धाकटीनं शिकवून पाठवली."

बनुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. ती अगदी असंच म्हणाली असती.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात उभी राहून म्हणाली, "मुक्ते, दळायला येत जा."

"माझं भागतंय, बाई."

"माझं न्हाई भागत. एकटीला वढत न्हाई."

मुक्तानं तिच्याकडं नीट पाहिलं. यात काहीतरी डाव असणार असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती हो म्हणाली नाही. पण पुढच्या बाजारानंतर एका पहाटे ती आली. आपले जोंधळे, आपली टोपली, पीठ लोटायला आपला कुंचासुद्धा घेऊन आली. दोघी समोरासमोर बसल्या. दोघींच्या हातांनी जातं मोकळं फिरलं. शेवटी मुक्तानं जात्याभोवतीचं पीठ कुंच्यानं कणकण गोळा केलं आणि वाकून जात्याच्या वरच्या पाळीखाली पाहिलं.

"राह्यलंय का बघतीस?"

"बघते. तुमी न्हाई बघितलं असतं?"

"बघितलं असतं," बनुबाई म्हणाली.

मुक्ता टोपली उचलून निघाली तेव्हा बनुबाईनं विचारलं, "जोंधळं किती येळ भिजवायचं?"

"रातभर."

बनुबाईनं रात्रभर भिजवले, मुक्ताचं वाटून झाल्यावर पाटा-वरवंटा मागून आणला आणि दंड दुखेपर्यंत वाटलं. पहिलं धिरडं तव्याला धरून बसलं, दुसऱ्याचे तुकडे झाले. राहीबाईनं ते तुकडे खाल्ले, नावं ठेवली नाहीत, आणि दुपार झाल्यावर पदर सावरून पलीकडं गेली.

मुक्तानं काहीतरी सांगायचं गाळलं, अशी बनुबाईची खात्री झाली. पाटा-वरवंटा परत द्यायला ती गेली आणि दारातच म्हणाली, "आता माझ्यासमोर कर. मी बघते."

मुक्तानं पाट सरकवला. "बसा," ती म्हणाली.