कळव्याची गाडी

अँब्रोजने पंढरीच्या पाटावरचा खेळण्यातल्या पत्र्याच्या आगगाडीचा डबा उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि त्याच्याकडे न बघताच विचारलं,

"सांध्याला डाख कुणी दिला?"

"मीच. तूच शिकवलेलंस ना."

"आणि पत्रा कापायचे फर्मे?"

पंढरीला खोकल्याची मोठी उबळ आली. चोरी उघडी पडली की त्याची छाती अशीच भरून येई. कल्याण बंदरावर ऐन दिवाळीचा बाजार भरला होता, तरी ती चांगली चार दुकानं पलीकडे ऐकू गेली.

तोवर वाटणी सोपी होती. अँब्रोज कळव्यात रेल्वेच्या बांधाखाली बसून राकेलच्या रिकाम्या डब्यांतून आगगाडी घडवी. पंढरी ती रंगवून कल्याणला विकी. आधी नुसतं इंजिन निघालं. "माणसं कुठं बसतात?" असं गिऱ्हाइकं विचारू लागली, तेव्हा उतारूंचा डबा आला. मग मालडबा, मग गार्डाचा, गार्डासकट आणि गार्डाच्या मिशीसकट. ज्या घरात ती गाडी शिरे, तिथली दुपारची झोप बाहेर पडे. लोक तिला 'कळव्याची गाडी' म्हणत. अँब्रोजचं नाव कुणी घेत नसे. गावाचं घेत, एवढं त्याला पुरे होतं.

आता पंढरी 'कल्याणची गाडी' म्हणून ओरडत होता.

"मागितले असतेस तर दिले असते फर्मे," अँब्रोज म्हणाला. "हे असं पाठीमागून..." हातातल्या डब्याची दुसरी बाजू समोर आली आणि तो थांबला. "हे काय? इकडेपण खिडक्या?"

"असतात."

"कुठे?"

"आगगाडीला. दोन्ही अंगांना असतात रे बाबा."

अँब्रोजने जन्मभर गाडी बांधाखालून पाहिली होती. येताना काय, जाताना काय, तेच एक अंग. रेल्वेच्या बोगद्याची त्याला धास्ती, म्हणून कल्याणला तो खाडीतून मचव्याने येई. पलीकडचं अंग बंदच असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं आणि इतकी वर्षं तिथे सपाट पत्रा ठोकला होता.

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच..." पंढरीने जीभ चावली. "पोरं ती बाजू भिंतीकडे करायची. तू एवढं मन लावून करायचास रे. कुठल्या तोंडानं सांगणार?"

"चोरायला तोंड लागत नाही, ते बरंय."

घरी त्याची बायको जुलिया चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"भेटला पंढरी?"

"माझ्याच फर्म्यांवर गाडी काढलीय त्यानं."

"मेल्याचे हात झडोत!"

अँब्रोज उंबऱ्यावर टेकला.

"जुलिया, तू बहिणीकडे डोंबिवलीला जातेस, तेव्हा गाडीत कुठल्या अंगाला बसतेस?"

"सावली असेल त्या. जाताना इकडे, येताना तिकडे," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर पडायची ती तिच्या हातातच लोंबत राहिली.