कॅसेटची पोच

इंदूबाईंनी करंगळी कॅसेटच्या दातेरी भोकात घातली, दोन वेढे फिरवले आणि कॅसेट कानाशी नेली.

“हे नाई. किरकिर करते.”

श्रावणनं ती बाजूला ठेवली. दारव्ह्याच्या एस.टी. स्टँडसमोर त्याच्या बापानं रेडिओ-टेपचं दुकान टाकलं होतं. आता तिथे मोबाईलच्या काचा बदलून मिळत. पण खालच्या खणात कोऱ्या कॅसेटींचं एक खोकं अजून होतं, आणि त्या खोक्याला गिऱ्हाईक म्हणावं असं एकच, ते समोर उभं होतं. सोबत पुसदची सून उर्वशी. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि कॅसेट कोरीही मिळते हे तिला या घरात आल्यावर कळलं होतं.

“मंग हे घ्या मावशी, नव्वद मिंटाची. जास्त बोलता येते.”

“नव्वदची पट्टी पातळ रायते बाप्पा. माया टेपनं दोन गिळल्या आतापर्यंत. साठचीच दे. अन् बोलाले किती लागते? एका बाजूनं अर्धा तास. त्याच्यावर मानूस खोटंच बोलते.”

तिसरी कॅसेट करंगळीच्या परीक्षेत पास झाली. मग श्रावणनं दुरुस्तीला दिलेली जुनी कॅसेट काढली. तिची पट्टी मधेच तुटली होती; त्यानं दोन्ही टोकं सरळ कापून पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक जोड लावला होता. एकदा लावून पाहिली, आतून बाईमाणसाचा आवाज आला, तशी त्यानं ती लगेच बंद केली. स्क्रू ड्रायव्हरनं मागच्या कडेला काहीतरी टकटक केलं आणि कॅसेट कागदात गुंडाळून दिली.

“आता हे वापरू नका मावशी. जपून ठेवा. कोनाचा आवाज होय?”

“बहिणीचा,” इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चपला घातल्या.

बहीण म्हणजे धाकटी शकुबाई, राळेगावकडच्या खेड्यात दिलेली; इंदूबाईंना ती ‘बाई’ म्हणे. दोघींनाही लिहिता येत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी दोघींत मिळून एक कॅसेट घेतली होती; ती बिघडली की तिच्या जागी दुसरी येई. एकीनं बोलायचं, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हाती पाठवायचं. दुसरीनं ऐकायचं आणि त्याच पट्टीवर आपलं बोलून परत धाडायचं. वरचं बोलणं आलं की खालचं पुसलं जाई. कॅसेट एकच होती म्हणून असं सुरू झालं आणि पुढे तो नियमच झाला. आपलं बोलणं पुसून आलं की समजायचं, पोचलं, ऐकलं, विषय मिटला. तीच पोच. दोघींची केवढाली भांडणं अशी मिटली होती. पुढे मोबाईल आले. पण मोबाईलवर दोघी एकाच वेळी बोलत, आणि ऐकायला कोणीच नसे.

गेल्या आठवड्यात शकुबाईंची कॅसेट आली तेव्हा उर्वशी शेजारीच शेंगा सोलत होती. पंचवीस मिनिटं गुडघा, कापूस आणि जावेची चुगली झाली. मग आवाज खाली आला.

“बाई, आई गेली तवा मी तुले सांगतलं का गावातल्या उकंड्याच्या हाती निरोप धाडला होता, त्यानंच उशीर केला. धाडलाच नव्हता बाई. आई तीन दिवस तुयंच नाव घेत होती. दोन वर्सं तिचं सारं मी केलं, अन् तिच्या तोंडी तुयं नाव. मले लई लागलं थे. म्हून नाई धाडला. वीस वर्सं झाली. आता सांगून टाकलं.”

नाक शिंकरल्याचा आवाज झाला आणि पट्टी नुसतीच सूं करत राहिली. इंदूबाईंनी पट्टी मागे घ्यायचं बटन दाबलं. झिजलेली पट्टी तटकन तुटली. उर्वशीनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तुटलेली टोकं शोधत होत्या.

आता दुपारी पलंगावर टेप ठेवून उर्वशीनं त्यात नवी कॅसेट घातली. इंदूबाईंनी लाल बटन आणि शेजारचं बटन बरोबर दाबलं.

“शके, जय भीम. मी इंदू बोलून राह्यली.” त्या थांबल्या. टेप बंद केला. “ह्याच्यावर नाई जमत.”

“काहून?”

“नवी पाठवली तं थे म्हणन, जुनी कुठं गेली? म्हणन, बाईनं ठेवून घेतली. माया तोंडचं जपून ठेवलं, कवातरी चारचौघात लावाले.”

“पट्टी तुटली होती म्हणा ना.”

“शकूनं कवा कोनाचं पह्यल्या वक्ताले खरं मानलं?”

त्यांनी जुनी कॅसेट आत घातली, पट्टी सुरुवातीपर्यंत मागे घेतली आणि बटनं दाबली. लाल बटन खाली जाईना. दोन्ही अंगठे लावले, तरी जाईना. आणि मग इंदूबाई घाबरल्या. साप निघाला तेव्हा काठी आणा म्हणून शांतपणे सांगणारी ही बाई, पण आता ती तेच बटन पुन्हा पुन्हा दाबत होती.

“पुसत नाई का आता हे? असंच रायते का थे बोलनं?”

“पाह्यतो ना आत्या, थांबा.”

“आठ दिवस झाले तिले सांगून. तिकडं वाट पाहून राह्यली असन थे. घास गोड लागत नसन तिले.”

उर्वशीनं दोन्ही कॅसेटी शेजारी धरल्या. नवीच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन इवलेसे पापुद्रे होते. जुनीला त्या जागी दोन भोकं. तिला दुकानातली टकटक आठवली.

“श्रावणभाऊनं लॉक तोडले. कोनी पुसू नये म्हून.”

“त्याले कोनं सांगतलं होतं!”

उर्वशी उठली, कापलेल्या बोटाला लावायची चिकटपट्टी आणली आणि दोन्ही भोकांवर ताणून लावली. लाल बटन खट्‌कन खाली गेलं. इंदूबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मग त्या बोलल्या. सोयाबीनचं बोलल्या, शेजारच्या जमनीला नातू झाला ते बोलल्या, सून हुशार आहे पण भाजीत तेल फार घालते हेही सुनेसमोरच बोलल्या. वीस मिनिटांत सगळं बोलून झालं.

“बंद करू का?” उर्वशीनं खुणेनं विचारलं.

इंदूबाईंनी नकारार्थी मान हलवली. मांडीवर सूप ओढून त्या तुरीतले खडे वेचू लागल्या. टेप चालू राहिला. त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या गेल्या, बाहेरच्या भंगारवाल्याचा भोंगा गेला. पंचविसाव्या मिनिटाला त्यांनी सूप बाजूला केलं आणि टेपजवळ तोंड नेलं.

“शके, काल अंबाडीची भाजी केलती. आई करे तशी, लसूण घालून. तुयी लई आठोन आली.”

टेपच्या काचेतून श्रावणचा पांढरा जोड दिसला, सरकला, गेला. त्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलं होतं. पट्टी संपली आणि टेप आपोआप बंद पडला.

“आत्या, तुमाले राग नाई आला?”

“आल्ता ना. लई आल्ता.” इंदूबाईंनी कॅसेट काढून पदराला पुसली. “उकंडा त्याच साली बाजारात भेटला. म्हने, मले कोनी निरोपच देल्ला नाई.”

“म्हंजे तुमाले तवापासून माईत होतं?”

“वीस वर्सं मानूस राग कुठं ठेवते व? घरात जागा पायजे ना.”

“मंग त्याईले बोलल्या काहून नाई?”

“सांगाचं तिले होतं. मी कायले सांगू?”

पुढच्या बुधवारी कॅसेट परत आली. चिकटपट्टी तशीच होती. सुरुवातीला बराच वेळ नुसतीच सूं, इतका की उर्वशीला वाटलं, जोड सुटला. मग शकुबाईंचा आवाज आला.

“बाई, जय भीम. ऐकली. मांगंपुढं करून तीनदा ऐकली.” पुन्हा सूं. “काईच राह्यलं नाई व त्यात.”

नाक शिंकरलं गेलं. आणि लगेच, श्वासही न घेता:

“अन् अंबाडीत आई लसूण कवा टाके? हिरवी मिरची टाके. तुले कायी आठोत नाई.”

“पाह्यलं?” डोळे पुसून इंदूबाई उर्वशीकडे वळल्या. “घे मांगं. लसनाचं पुसाचं हाय.”